रताळं, रताळू आणि कागदावरची वेल

वहिनी लग्न होऊन पुण्याहून बडोद्याला आल्या, त्या वर्षीची महाशिवरात्र. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी उपासाची गडबड चाललेली. वहिनी पहिल्यांदाच एकट्या खंडेराव मार्केटला गेल्या. मराठी शब्दाला शेवटी ऊ लावला की गुजराती होतं, असा त्यांचा तेव्हा समज होता. त्यांनी भाजीवाल्या बेनकडे दोन किलो ‘रताळू’ मागितलं. घरी आल्यावर पिशवीतून निघाले ते मातीने माखलेले ओबडधोबड गड्डे, आतून जांभळेभोर. आई हसत सुटली. “अगं, हे कोनफळ! रताळी हवी असली तर इथे शक्करिया म्हणायचं.” किसाचा बेत गेला. काचऱ्या तुपावर परतल्या, उपास पार पडला.

मी तेव्हा बीएस्सीला होतो आणि बॉटनी घेतलेलं. त्यामुळे ताटावर बसल्या बसल्या मी सगळ्यांना ऐकवलं की वहिनी दोन किलोंत एका कुळातून थेट दुसऱ्या कुळात गेल्या आहेत. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. पण ती गोष्ट खरी होती आणि आज जे सांगायचं आहे त्याची सुरुवात तिथूनच होते.

मराठी रताळं हे निळ्या-जांभळ्या कर्ण्यासारखी फुलं येणाऱ्या गारवेलीच्या कुळातलं, मूळ अमेरिकेतलं. गुजराती रताळू म्हणजे आपलं कोनफळ, उंधियूत पडतं ते. त्याचं कूळ करांद्याचं. सुरण आणि अळू यांचं कूळ तिसरंच. इंग्रजीत तर सुरणालाही ‘याम’ म्हणतात आणि अमेरिकेत रताळ्यालाही. बाजारातल्या एका टोपलीत तीन कुळं आणि नावांची अशी सरमिसळ. ही झाली शहरातली, रोज पोटात जाणारी पिकं. मग डांगच्या किंवा सातपुड्याच्या डोंगरात, पावसाळ्यात झुडपांवर चढणाऱ्या रानवेलींचं काय होत असेल?

तिथे कामाला येतं ते हर्बेरियम. म्हणजे वाळवून, दाबून, जाड कागदावर शिवलेल्या वनस्पतींचा संग्रह. एका कागदावर एक नमुना, खाली उजव्या कोपऱ्यात लेबल. सोळाव्या शतकात इटलीत लुका घिनी नावाच्या वैद्यकाच्या प्राध्यापकाने झाडं अशी वाळवून ठेवायची पद्धत रुजवली असं मानतात. आज जगात साडेतीन हजारांच्या आसपास हर्बेरियम आहेत आणि त्यांत मिळून जवळपास चाळीस कोटी नमुने. लंडनजवळच्या क्यूमध्ये सत्तर लाखांच्या घरात, कोलकात्याच्या राष्ट्रीय हर्बेरियममध्ये वीसेक लाख. आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातही हर्बेरियम आहे. जगातल्या हर्बेरियमांच्या यादीत प्रत्येकाला एक छोटं नाव असतं, स्टेशनांना असतं तसं. क्यूचं नुसतं ‘के’, मुंबईच्या झेवियर्समधल्या ब्लॅटर हर्बेरियमचं ‘ब्लॅट’, आणि आपलं ‘बारो’.

हा सगळा खटाटोप साक्षीसाठी. ‘डांगात अमुक करांदा मिळतो’ असं मी लिहिलं, तर माझी ओळख बरोबर होती की चूक, हे पन्नास वर्षांनी कोण तपासणार? वेल तर तेव्हाच सुकून गेलेली. पण शीट असेल तर कुणीही कपाट उघडून पाहू शकतो. ओळख चुकली असेल तर नाव बदलता येतं. नमुना तोच राहतो.

आता करांद्याच्या कुळाकडे. यातला मुख्य वंश डायोस्कोरिया. पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस, त्याच्यावरून हे नाव. लिनियसने १७५३ मध्ये ते पक्कं केलं. जगात याच्या सहाशेच्या वर जाती आहेत, बहुतेक उष्ण प्रदेशात. आपल्याकडच्या काही ओळखीच्या: कडू करांदा, म्हणजे डायोस्कोरिया बल्बिफेरा, याला पानांच्या बेचक्यात बटाट्यासारखे गड्डे हवेत लटकतात. उलशी किंवा शेंडवेल, म्हणजे डायोस्कोरिया पेंटाफायला, हिचं पान हाताच्या बोटांसारखं तीन ते पाच दलांचं, आणि नर फुलांच्या कोवळ्या तुऱ्यांची भाजी होते. कोकणातली कणगर, डायोस्कोरिया एस्क्युलेंटा. कोनफळ म्हणजे डायोस्कोरिया अलाटा. अलाटा म्हणजे पंख असलेलं, कारण खोडाला चार बाजूंनी पातळ पाती असतात. कोनफळ मुळात लागवडीचंच पीक आहे, खरंखुरं रानटी असं ते कुठे मिळत नाही. जंगलात दिसलं तर बहुधा कुणाच्या परसातून निसटलेलं.

आणि एक आहे ती मध्य भारतातली बैचांदी, डायोस्कोरिया हिस्पिडा. तीन दलांचं मोठं पान, काटेरी खोड. हिच्या कंदात डायोस्कोरीन नावाचं विष असतं, ते थेट मज्जासंस्थेवर जातं. तरीही रानातली माणसं हा कंद खातात: पातळ चकत्या करून, वाहत्या पाण्यात दिवसचे दिवस ठेवून, विष धुऊन काढून. रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने याच वेलीला ‘डीमोना’ असं नाव दिलं होतं, म्हणजे राक्षसी. ते नाव पुढे मागे पडलं, हिस्पिडा राहिलं. हिस्पिडा म्हणजे नुसती केसाळ. मला डीमोना जास्त आवडतं, पण वनस्पतींच्या नावांत आवडीला मत नसतं. नियमाने जे आधी रीतसर छापलं गेलं ते टिकतं.

उलशीचं पान पाचाऐवजी तीन दलांचं निघालं आणि शेजारी बैचांदी असली, तर नुसत्या पानाच्या फोटोवरून कंद उकडायला टाकणं किती धोक्याचं, हे वेगळं सांगायला नको.

पण करांद्याची वेल हर्बेरियमच्या कागदाला जुमानत नाही. गवत, झुडूप, फूल, सगळं त्या कागदावर बऱ्यापैकी मावतं. कागद साधारण ४२ सेंटिमीटर लांब आणि २८ रुंद. वेल मात्र वीस-वीस फूट चढलेली, नि तिची खरी ओळख जमिनीखाली. कंद किती खोल होता, लांबट होता की गोल, एकच होता की झुबका, साल कसली, आतला रंग कोणता, चिरल्यावर चिकट की कोरडा, यातलं काहीच दाबून चपटं करता येत नाही. दुसरं म्हणजे या कुळात बहुतेक वेली एकलिंगी. नर वेल वेगळी, मादी वेगळी. तुम्ही नराची फांदी तोडलीत तर शीटवर फुलांचे नाजूक लोंबते तुरे आले, पण तीन पंखांची बोंडं आणि त्यातलं पापुद्र्याचं बी कधीच येणार नाही. बोंडं पाहिजेत तर मादी वेल शोधून दिवाळीच्या पुढेमागे पुन्हा यावं लागतं. तोवर पानं पिवळी पडून गळायला लागलेली असतात, आणि फेब्रुवारीत गेलात तर वेल होती कुठे हेच कळत नाही.

तिसरी गोष्ट मजेची आहे. करांद्याच्या वेली आधाराला वेटोळं घालतात, आणि प्रत्येक जातीची दिशा ठरलेली असते. कडू करांदा, उलशी, बैचांदी डावीकडे वळतात, कोनफळ उजवीकडे. हे इतकं पक्कं की डेव्हिड प्रेन आणि आय. एच. बर्किल यांनी १९३० च्या दशकात पूर्वेकडच्या डायोस्कोरियांचा जो मोठा अभ्यास छापला, त्याचे दोन भागच मुळी असे पाडले: पहिल्यात डावीकडे वळणाऱ्या, दुसऱ्यात उजवीकडे. आता ही वेल आधारावरून सोडवली, दोन घड्या घालून पेपरात दाबली, की डावं-उजवं गेलं. शिवाय डावं म्हणजे वरून पाहताना की समोरून, यावरही गोंधळ होतो. म्हणून जाणते लोक शब्द लिहीत नाहीत, वहीत वेटोळ्याचं छोटं चित्र काढतात.

याचा अर्थ असा की करांद्याच्या शीटवर अर्धी साक्ष पानं देतात आणि अर्धी लेबल. लेबलावर जे लिहिलं नाही ते कायमचं गेलं. वडापिंपळाच्या बाबतीत हे इतकं खरं नाही, झाड तिथेच उभं असतं.

लेबलावर असतं काय? संग्राहकाचं नाव आणि त्याचा क्रमांक. हा क्रमांक महत्त्वाचा. एकाच वेलीच्या चार फांद्या चार शहरांत गेल्या तरी क्रमांक एकच राहतो. मग तारीख. जागा: गाव, तालुका, ओढ्याच्या काठी की माथ्यावर, समुद्रसपाटीपासून उंची. वेलीविषयी जे कागदावर दिसणार नाही ते सगळं. स्थानिक नाव, आणि ते कोणी सांगितलं.

मी स्वतः हे शिकलो ते फजिती होऊन. आमची सहल ऑगस्टमध्ये वघईहून सापुताऱ्याकडे गेली होती. सह्याद्रीची रांग उत्तरेकडे जिथे संपत येते तो हा भाग. सापुतारा हजारेक मीटर उंच. धुकं असं की पुढच्या मुलाची छत्री तेवढी दिसे. सागाच्या रोपावर चढलेली उलशी मला दिसली, पाच दलांचं पान, नर तुरे भरघोस. वाट दाखवायला गावातले एक दादा बरोबर होते. त्यांनी वेलीकडे पाहून काहीतरी नाव सांगितलं. मी मान डोलावली, फांदी तोडली आणि पेपरात घातली.

पावसाळ्यात नमुना वाळवणं म्हणजे शिक्षाच. एरवी दोन लाकडी जाळ्यांमध्ये वर्तमानपत्रं आणि टिपकागद रचून पट्टे आवळायचे, रोज कागद बदलायचे, आठ-दहा दिवसांत काम झालं. ऑगस्टात कागदच दमट. मुक्कामाच्या जागी आम्ही चुलीवर उपडा तवा ठेवून त्यावर पेपर शेकले. घरी आल्यावर इस्त्री. आईने विचारलं, “परीक्षेत याचे मार्क आहेत ना?” होते. नमुना दाबताना एक पान मुद्दाम उलटं ठेवायचं, खालच्या शिरा दिसाव्यात म्हणून, आणि वेलीचं पेर फांदीत आलंच पाहिजे, कारण पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक हे पेरावरच कळतं. एवढं मला येत होतं. वेल बरी वाळली, पानांचा हिरवा रंगही थोडा टिकला.

सरांनी शीट हातात घेतली, पानांकडे एकदा पाहिलं आणि लेबलावर बोट ठेवलं.

“कंद?”

“खणला नाही, सर. चिखल होता.”

“मग तसं लिही.”

“काय लिहू?”

“कंद पाहिला नाही, असं लिही. रिकामी जागा बघून पुढचा माणूस समजेल की कंदच नव्हता, किंवा तू विसरलास. यातलं कोणतं खरं, ते त्याला कसं कळायचं?”

मी लिहिलं. वेटोळ्याची दिशाही पाहिली नव्हती, तेही लिहिलं. लेबल अगदीच नालायक दिसायला लागलं. मग निदान एक रकाना तरी भरलेला असावा म्हणून स्थानिक नावापुढे मी झोकात ‘उलशी’ असं लिहून टाकलं. सरांनी ते वाचलं, काही बोलले नाहीत.

आता या शीट्स कपाटात राहत नाहीत. त्यांचे फोटो निघतात, लेबलं टाइप होतात आणि नोंदी जगाच्या सामायिक माहितीकोशात जातात. २००१ साली सुरू झालेला ‘जीबिफ’ हा त्यातला सगळ्यात मोठा. घरबसल्या डायोस्कोरिया टाइप करा, नकाशावर ठिपकेच ठिपके. बघताना मजा येते, पण ठिपक्यावर लगेच भरवसा ठेवू नये. का, ते आपल्याच गावाच्या उदाहरणाने सांगतो.

समजा जुन्या लेबलावर नुसतं ‘बरोडा’ लिहिलं आहे. संगणक ठिपका ठेवणार शहराच्या मधोमध, मांडवीच्या आसपास. पण १९४९ पूर्वीचं लेबल असेल तर बरोडा म्हणजे गायकवाडांचं अख्खं संस्थान असू शकतं: कडी प्रांत, बडोदा प्रांत, नवसारी प्रांत, अमरेली प्रांत. सोनगड-व्याऱ्याचं जंगल नवसारी प्रांतात होतं. म्हणजे डोंगरातली वेल नकाशावर मांडवीच्या चौकात उगवायची. डांगचं त्याहून गमतीचं. एकाच टेकडीवरचा नमुना १९४० मध्ये संस्थानी मुलखातला, १९५५ मध्ये मुंबई राज्यातला, आणि १ मे १९६० नंतर गुजरातमधला. टेकडी कुठेच गेली नाही. राज्यानुसार याद्या करणारा माणूस मात्र फसतो: ‘महाराष्ट्रात मिळाल्याची जुनी नोंद आहे’ म्हणून ज्या नोंदीवर तो बोट ठेवतो, ती वघईची निघायची.

दुसरा घोटाळा संख्येचा. नकाशावर वीस नोंदी दिसल्या म्हणजे वीस वेली नव्हेत. एका फांदीचे चार तुकडे चार हर्बेरियमांत गेले, चौघांनी आपापले फोटो चढवले, झाल्या चार नोंदी. संग्राहकाचा क्रमांक आणि तारीख जुळवली की हे लगेच उघड होतं. तो क्रमांक महत्त्वाचा म्हटलं ते यासाठी.

तिसरा घोटाळा माणसांच्या सवयींचा आहे आणि मला तो सगळ्यात मानवी वाटतो. ठिपके रस्त्याकडेला जास्त. विश्रामगृहांच्या आसपास जास्त. कॉलेजच्या सहली जातात त्या ठिकाणी तर खच. आमच्या पावागडावर, शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर, विद्यार्थ्यांच्या किती पिढ्यांनी पानं तोडली असतील! त्यावरून वेली रस्त्याकडेलाच वाढतात असा निष्कर्ष काढणं म्हणजे दिव्याखाली किल्ली शोधण्यासारखं. रतनमहालच्या एखाद्या आडबाजूच्या घळीत ठिपका नसेल, तर तिथे वेल नाही असं नव्हे. तिथे चिखलात उतरून कुणी गेलं नसेल एवढंच. करांद्यांच्या बाबतीत यात ऋतूची भर पडते. हिवाळ्यात थंड हवेत हिंडायला सगळ्यांना आवडतं, पण या वेलींना फुलं येतात ती पावसात, जळवा आणि निसरड्या वाटा असताना.

एवढ्या घोटाळ्यांतूनही या नोंदींतून मिळतं ते दुसरीकडे मिळत नाही. शंभर वर्षांच्या शीट्स तारखेने लावल्या की एखादी जात कधी फुलते आणि ते मागेपुढे सरकलं का, हे दिसू शकतं. जुन्या वाळक्या पानातून आता डीएनए काढता येतो. आणि काही वेळा नोंद थेट कायद्याच्या कामाला येते. हिमालयातल्या डायोस्कोरिया डेल्टॉयडियाचंच बघा. हिच्या कंदात डायोसजेनिन असतं. १९४० च्या दशकात रसेल मार्कर या रसायनशास्त्रज्ञाने मेक्सिकोतल्या रानकंदांतल्या डायोसजेनिनपासून प्रोजेस्टेरॉन बनवलं, आणि स्टेरॉइडची औषधं, पुढे गर्भनिरोधक गोळ्या, यांचा कच्चा माल एकदम जमिनीखाली सापडला. आपल्याकडे हिमालयातला कंद त्याच कारणासाठी उपसला गेला. १९७५ पासून ही जात साइट्स करारात आहे, तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आहेत. पण वाळलेल्या कंदाच्या पोत्यावर जातीचं नाव उगवत नाही. पूर्वी कोणत्या खोऱ्यात ती होती, किती उंचीवर होती, आता तिथे जाऊन शोधायचं तर कुठे, याचा पत्ता जुन्या लेबलांवरच असतो.

ओळख चुकलेली निघाली तर काय करतात, हे राहिलं. जुनं लेबल फाडत नाहीत, खोडतही नाहीत. शेजारी एक छोटी चिठ्ठी चिकटवतात: नवं नाव, कोणी ठरवलं, कधी. काही जुन्या शीट्सवर अशा तीन-चार चिठ्ठ्या एकाखाली एक असतात, अक्षरं वेगळी, शाई वेगळी. डीमोना खोडलेली नाही, तिच्याखाली हिस्पिडा. वाचायला बसलं की दोन पिढ्यांतलं भांडण ऐकू येतं.

मागे एकदा काही कामाने गेलो असताना, ज्या संग्रहात माझी शीट आहे तिथे ती काढायला सांगितली. डांबरगोळ्यांचा वास तोच. टाके शाबूत होते, कसर लागलेली नव्हती, उलटं ठेवलेलं पान अजून उलटंच. ‘कंद पाहिला नाही.’ ‘वळण पाहिले नाही.’ आणि त्याखाली, सगळ्यात ठसठशीत अक्षरात, ‘स्थानिक नाव: उलशी.’ हे नाव मला पुस्तकातून ठाऊक होतं. त्या दादांनी धुक्यात उभं राहून सांगितलेलं ते नव्हतं, एवढं मला नक्की आठवतं. ते काय होतं, हे आठवत नाही. मी चिठ्ठी मागून घेतली, ‘स्थानिक नाव संग्राहकाने पुस्तकावरून लिहिले आहे, जागेवर ऐकलेले नव्हे’ असं लिहिलं, खाली सही आणि तारीख केली, आणि लेबलाशेजारी चिकटवली.